नाल्यात रोपं लावणार असाल तर विळ्याचाही खर्च धरा

प्रति,
बेळगाव महानगरपालिकेतील सर्व ५८ नगरसेवक

विषय : नाले आणि तलाव वनस्पतींच्या मदतीनं स्वच्छ करण्याच्या कल्पनेबाबत

मान्यवर नगरसेवकहो,
सप्रेम नमस्कार.

सांडपाण्याच्या नाल्यात कर्दळ लावा, तलावात तरंगते मळे सोडा, रस्त्याकडेला अमुक झाड लावा, म्हणजे प्रदूषण हटतं, असं हल्ली सगळीकडं ऐकू येतं. वॉर्डाच्या बैठकीत तेच, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तेच, गणेश मंडळाच्या देखाव्यातही तेच. कल्पना खोटी नाही. बेळगावात ती व्हावी म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. पण ती जशी मांडली जाते त्यात गणित अर्धंच असतं. रोपं किती, खड्डे किती, उद्घाटनाला पाहुणे कोण, इथवर सगळं ठरलेलं. वाढलेली झाडं कापणार कोण आणि कापून नेऊन टाकणार कुठं, यावर मात्र एक ओळ नसते. आणि झाडांनी ओढून धरलेली घाण पाण्यातून खरोखर बाहेर पडते ती कापणीच्या दिवशी.

आमचं शेत वडगाव शिवारात, बळ्ळारी नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात भात, मागून मसूर नाहीतर वाटाणा. शेतीवर भागेना म्हणून उद्यमबागेच्या कारखान्यांत प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडी पार्टवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायच्या कामात बरीच वर्षं काढली. त्यामुळं पाणी जिथून निघतं ती जागाही माहीत आहे आणि जिथं येऊन तुंबतं तीही.

बळ्ळारी नाला म्हणजे मुळात पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढा. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारांतून तो शहराचं सांडपाणी पोटात घेत हलगा, बसवन कुडचीकडं जातो आणि पुढं मार्कंडेय नदीला मिळतो. मार्कंडेय गोकाकच्या बाजूला घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. याच मार्कंडेय नदीवर वरच्या अंगाला राकसकोपचा जलाशय आहे, त्यातलं पाणी शहर पितं. वर प्यायचं आणि खाली सोडायचं, असा आपला व्यवहार.

आषाढात चार दिवस झड लागली की नाला पात्र सोडतो. भाताची लागण होऊन महिनाही झालेला नसतो. पाणी ओसरल्यावर शिवारात उतरून बघा. पातीवर काळपट तेलकट थर, चुडांना गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, वाफ्यात बोटभर काळा गाळ. त्यात भांगलायला उतरलं की पोटऱ्यांना खाज सुटते, म्हणून बायका आधी पायांना खोबरेल तेल चोळतात. बेळगावचा बासमती म्हणून ज्या तांदळाचं कौतुक होतं तो याच पट्ट्यात पिकतो.

आता उन्हाळ्यातला नाला. पाणी दिसतच नाही, काठापासून काठापर्यंत जलपर्णी, म्हणजे आपलं केंदाळ. रंकाळा आणि पंचगंगेतलं केंदाळ तुम्ही कोल्हापूरला जाता-येता बघितलंच असेल. त्यातलं एक झाड उपटून हातात घ्या. वर फुगीर देठ आणि देखणं जांभळं फूल. खाली हातभर लांब, काळी, झुपकेदार मुळं आणि त्यांना चिकटलेला बुळबुळीत गाळ. झटकला तरी सुटत नाही. मुळांचं कामच ते: पाण्यातले कण अडवायचे, नत्र आणि स्फुरद प्यायचं, जस्त, शिसं, कॅडमियम जे सापडेल ते ओढून धरायचं. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती उबदार, मैलामिश्रित पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे वनस्पतींकडून पाणी शुद्ध करून घेण्याचा प्रकल्प आपल्याकडं केव्हाच सुरू आहे, तोही विनाटेंडर.

मग नाला शुद्ध का होत नाही? कारण झाड जागेवरच मरतं आणि कुजतं. कुजलं की घेतलेलं सगळं पाण्याला परत, वर कुजताना पाण्यातला प्राणवायूही संपवतं. पावसाआधी जेसीबी लागतो, केंदाळ बाहेर निघतं, फोटो निघतात आणि ढीग काठावरच राहतो. पहिला वळीव पडला की त्या ढिगाचा रस पुन्हा नाल्यात, जिवंत राहिलेले तुकडेही नाल्यात, आणि गणपती येईतो नाला परत भरलेला. मी इथं कुणा एकाला दोष देत नाही. ठेका ज्या पद्धतीनं निघतो त्यात "काढणे" एवढंच काम असतं, मग ठेकेदार काढतो. "लांब नेऊन सुकवणे" असं कलम असतं तर त्यानं तेही केलं असतं. केंदाळात दहातले नऊ भाग पाणीच असतं, त्यामुळं ओलं वाहून न्यायचं म्हणजे ट्रॉली भरून पाणी वाहायचं. नाल्याकडं उतार नसलेल्या जागी ते आधी सुकू द्यावं, मग हलवावं. फेऱ्या कितीतरी कमी होतात. एवढी साधी गोष्ट आहे.

जी रीत खरोखर चालते ती थोडक्यात सांगतो. १९५० च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल नावाच्या संशोधक बाईंनी तळ्याकाठची लव्हाळ्याच्या जातीची झाडं घाण पाण्यावर वाढवून बघायला सुरुवात केली. त्यातून पुढं जगभर खडीचे वाफे आले. आपल्याकडं नागपूरच्या नीरी संस्थेनं त्याच धर्तीवर फायटोरिड नावाची पद्धत बसवली. आधी एक टाकी असते, तिच्यात जाड गाळ बसतो. मग अर्धा-पाऊण मीटर खोल खडीचा वाफा, तळाला पाणी न झिरपणारा थर. पाणी खडीच्या पोटातून सावकाश सरकत जातं, वर येत नाही, म्हणून डासांची पैदास नाही आणि वासही बेताचा. खडीत कर्दळ, पाणकणीस, वाळा अशी ओल सोसणारी झाडं.

गंमत अशी की यात झाड स्वतः फार थोडी घाण खातं. या झाडांच्या अंगात पोकळ्या असतात, त्यांतून हवा खाली मुळापर्यंत जाते आणि मुळाभोवती थोडा प्राणवायू झिरपतो. तिथं आणि खडीच्या अंगावर जिवाणूंची वस्ती बसते. मैला फोडतात ते जिवाणू. मुळाजवळ प्राणवायू असतो, जरा लांब तो नसतो. अमोनियाचा नायट्रेट पहिल्या जागी होतो आणि नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू दुसऱ्या जागी. झाडाचं काम घरमालकाचं, राबणारे भाडेकरूच. म्हणून नुसती कर्दळ उघड्या नाल्याच्या काठावर ओळीनं लावून काही होत नाही. खडी हवी, पाणी सावकाश जायला हवं, दोन-चार दिवस ते आत राहायला हवं. काठावरची कर्दळ दिसायला छान, एवढंच.

घरातल्या सांडपाण्याला हा उपाय चांगला आहे. पण धातूंचं काय?

मैला कुजतो, त्याचं पाणी होतं, वायू होतो. क्रोमियम कुजत नाही. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येतं किंवा आहे तिथं बांधून ठेवता येतं; तिसरा मार्ग नाही. प्लेटिंगच्या शेडमध्ये पार्ट धुतलेलं पाणी कामगार रंगावरून ओळखतात. पिवळं-नारिंगी असलं तर क्रोम, हिरवं असलं तर निकेल. जस्ताला रंग नसतो, म्हणून ते कुणी मनावर घेत नाही. यातलं पिवळं पाणी सगळ्यात वाईट. त्यातलं क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं आणि कर्करोगाला कारण होतं. त्यावर इलाजही जुना आणि स्वस्त आहे. पाणी आम्लधर्मी करायचं, त्यात मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळ्याचा हिरवा रंग झाला की चुना घालून गाळ खाली बसवायचा. गाळ वेगळा ठेवायचा, वरचं पाणी तपासून सोडायचं. हे सगळं एका टाकीत होतं. बहुतेक जण करतातही. न करणारा एखादाच पुरतो. रात्री नळ उघडणारं एक शेड मी स्वतः बघितलं आहे, ते आता बंद पडलं आहे. टाकीत असताना जो प्रश्न पाचशे लिटरचा असतो तोच नाल्यात मिसळला की शिवारभर होतो. मग तो काढायला कुठलंही झाड आणा.

तरी धातू पिणारी झाडं असतात, हे खरं. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, त्याला चीर दिली की निळसर हिरवा चीक गळतो. तो वाळवला तर वजनाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत नुसतं निकेल भरतं. प्लेटिंगच्या टाकीतला हिरवा रंग झाडाच्या खोडातून वाहतो म्हणजे काय, हे निकेलवर काम केलेल्यालाच कळेल. फ्लोरिडात लाकूड टिकवण्याच्या रसायनांनी नासलेल्या जमिनीवर एक नेचा आर्सेनिक भरभरून साठवताना सापडला, २००१ साली. तो नेचा आपल्याकडंही जुन्या ओलसर भिंतींवर उगवतो. पण यातलं प्रत्येक झाड एका-दोन धातूंचंच भुकेलं असतं. निकेल खाणारं शिशाला तोंड लावत नाही. आपल्या गाळात काय आहे हे न तपासता "धातू शोषणारी झाडं" मागवणं म्हणजे दुखणं न विचारता औषध लिहून देणं.

मोहरी आणि सूर्यफुलाचं नाव यात वारंवार निघतं. सूर्यफुलाची हकिकत सांगण्यासारखी आहे. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात १९८६ चा. पुढं नव्वदच्या दशकात तिथल्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं वाढवली, मुळं पाण्यात लोंबत ठेवली, आणि त्या मुळांनी पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढून घेतलं. जगभर गाजावाजा झाला. २०११ मध्ये जपानात फुकुशिमा झालं तेव्हा लोकांनी मोठ्या आशेनं शेतंच्या शेतं सूर्यफुलानं भरली. त्याच वर्षी तिथल्या कृषी खात्यानं मोजून बघितलं. मातीतल्या सीझियमपैकी सूर्यफुलात आलेलं प्रमाण होतं सुमारे दोन हजारांत एक भाग. झाड तेच, फरक जागेचा. तळ्यात सीझियम पाण्यात सुटं होतं. शेतात ते चिकणमातीच्या पापुद्र्यांत घट्ट बसलेलं, मुळाला मिळणार कसं?

आपल्या शहापूर-वडगावच्या शिवारातली माती काळी चिकण. पावसात चप्पल ओढून घेणारी. ती धातूंनाही अशीच धरते. त्यामुळं शिशासारखा धातू मोहरी लावून या मातीतून उपसून काढू, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिसं तसंही मुळातच अडकून राहतं, वर पानापर्यंत फारसं चढत नाही. परदेशात त्यावर तोडगा म्हणून मातीत रसायन टाकून शिसं सुटं करून बघितलं, तर ते झाडाऐवजी खाली भूजलात उतरण्याचा धोका निघाला. आमच्या विहिरी नाल्याला लागून आहेत. हा प्रयोग इथं नको.

याची दुसरी बाजू आम्हा शेतकऱ्यांनी लक्षात घ्यायची. खायचं पीकही शोषणारं झाडच आहे. निपाणीच्या तंबाखूवाल्यांना सांगितलं तर पटणार नाही, पण तंबाखू कॅडमियम ओढून थेट पानात साठवते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात कॅडमियम जास्त सापडतं ते त्यामुळंच. पालक, मेथी, माठ या पालेभाज्यांचंही तसंच. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते. नाल्याचं पाणी उन्हाळ्यात मोटारीनं उपसून पालेभाजीला देणारे आपल्यातच आहेत, कारण दुसरं पाणी नसतं. धान्यात पालेभाजीच्या मानानं धातू कमी उतरतो. भाताचं मात्र जरा विचित्र आहे: खाचरात पाणी उभं असलं तर आर्सेनिक सुटं होतं, पाणी काढून रान वाळवलं तर कॅडमियम. म्हणून आधी तपासणी. कुठल्या पट्ट्यात काय आहे ते कळलं तर तिथं भाजी टाळून दुसरं काही घेता येईल. अंदाजानं आम्हाला बदनाम करू नका, आमचा तांदूळ बाजारात पडेल. मोजा आणि सांगा.

आता जागेचा हिशोब, कारण इथंच घोडं पेंड खातं. आपल्यासारख्या उबदार हवेत खडीच्या वाफ्याला माणशी निदान एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ९० हजार होती. आज पाच लाखच धरली आणि माणशी एकच चौरस मीटर धरला तरी ५० हेक्टर होतात, म्हणजे सव्वाशे एकर. दोन मीटर धरले तर अडीचशे. एवढी सलग जागा नाल्याच्या वाटेवर कुणाची आहे? आमची. पूर्व कोलकात्यात शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवणारी पाणथळ आहे, २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत. तिचं उदाहरण सगळे देतात, पण तिचा विस्तार आहे १२,५०० हेक्टर. आपल्याकडं तसलं काही नाही. हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पाच्या जमिनीवरून काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, शेतकरीही विसरलेले नाहीत. त्यामुळं "निसर्गपूरक प्रकल्प" असं गोड नाव देऊन पुन्हा सुपीक शिवाराचं संपादन काढलंत, तर या पत्राचा लेखक विरोधाला पहिल्या रांगेत असेल.

शहराचं सगळं सांडपाणी झाडांवर सोडता येणार नाही. मुख्य प्रकल्प यंत्राचाच लागणार. झाडं लागतील ती मधल्या जागांना: तलावात जिथं गटार येऊन मिळतं ते तोंड, एखाद्या वसाहतीचा छोटा नाला मोठ्याला मिळण्याआधीची जागा, आणि प्रकल्पातून निघालेल्या पाण्याला शेवटचा हात फिरवायला. किल्ला तलाव बघा, अनगोळचा तलाव बघा. तलावाला चारी बाजूंनी फरशी आणि दिवे बसवले, पण येणारं पाणी तसंच राहिलं, तर फरशीवर उभं राहून वासच घ्यायचा. तोंडाशी टाकी आणि खडीचा वाफा करायला गुंठ्यांत जागा लागते आणि ती पालिकेचीच असते. पाण्यावर तरंगत्या मळ्याचंही करता येईल. हैदराबादजवळ नेकनामपूरच्या तलावात २०१८ साली सुमारे तीन हजार चौरस फुटांचा तरंगता मळा सोडला, वाळा, कर्दळ, पाणकणीस लावून. तलावात येणारं पाणी आधी अर्धवट तरी शुद्ध झालेलं असेल तरच त्याला अर्थ.

कपिलेश्वर तलाव आणि जक्कीन होंड यांचा प्रश्न निराळा. तिथं विसर्जन. मूर्तींच्या रंगातलं शिसं, क्रोमियम तळाच्या गाळात बसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये सुधारलेल्या सूचनांत पीओपी आणि विषारी रंग दोन्ही नकोत म्हटलं आहे. त्या तलावांना झाडं नकोत, रंग बदलायला हवा. मंडळांशी बोलायचं अवघड काम तुम्हाला आहे, मला त्याची कल्पना आहे.

रस्त्याकडेच्या झाडांबद्दल एवढंच: धूळ अडवायला मोठ्या, खरखरीत किंवा लवदार पानाचं झाड लागतं आणि ते वाढायला वीस वर्षं लागतात. कॅम्पातली जुनी झाडं जे करतात ते रुंदीकरणानंतर लावलेल्या दोन फुटी रोपांकडून होत नाही. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड तेवढं नको. गुजरातनं २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. आणि कार्यालयात "हवा शुद्ध करणाऱ्या" कुंड्या ठेवण्याचा जो सोस आलाय त्यावर पालिकेचा पैसा घालू नका. तो समज १९८९ च्या नासाच्या अभ्यासातून आला. तो प्रयोग होता हवाबंद पेटीतला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. खिडकी उघडल्यावर जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. खिडकी उघडा.

आता मूळ मुद्दा, कापणीचा.

वाफा चालू झाला की कर्दळ आणि पाणकणीस वर्षातून निदान दोनदा कापावं लागेल. जून झालेलं आणि वाळलेलं तसंच राहू दिलं तर केंदाळासारखंच होणार. कापणी पावसाआधी एकदा, सुगीनंतर एकदा. विळा, माणसं, ट्रॉली, सुकवायची जागा आणि राखण. राखण म्हणतो ती चेष्टेनं नव्हे. नाल्याकाठचं हिरवं गवत कापून म्हशींना घालायची आपल्याकडं जुनी सवय आहे, कुंपण नसेल तर कर्दळीची पानंही जातील. धातूचं पाणी प्यालेलं झाड म्हशीच्या पोटात गेलं तर तो प्रकल्प दुधातून परत आपल्या घरी येईल. वाळ्याची तर आणखी काळजी हवी. धातू त्याच्या मुळांत बसतो, आणि मुळांनाच बाजारात भाव आहे. नाल्यातला वाळा कुणाच्या माठात किंवा सरबताच्या बाटलीत जाता कामा नये, हे ठेक्यात स्पष्ट लिहा.

कापलेलं कुठं जाणार हे गाळ ठरवेल. निव्वळ घरगुती सांडपाण्यावर वाढलेलं असेल तर खुशाल खत करा, बायोगॅस करा. उद्यमबाग किंवा मच्छेच्या कारखान्यांकडून पाणी येतं तिथलं आधी तपासा. कंपोस्टसाठी केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात मर्यादा दिलेल्या आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १००, जस्त १०००. त्या ओलांडल्या तर ते खत म्हणून चालणार नाही. तुरमुरीच्या कचरा डेपोत इतर कचऱ्यात मिसळून तो प्रश्न मिटत नाही, फक्त तुरमुरीकरांच्या दारात जातो. त्या लोकांनी पुरेसं सोसलं आहे.

तपासणीसाठी बाहेर धावायची गरज नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आपल्याच गावात, राणी चन्नम्मा विद्यापीठ इथलंच, धारवाडचं कृषी विद्यापीठ दोन तासांवर. उद्यमबागेच्या खालच्या बाजूला, वडगाव-येळ्ळूर रस्त्याच्या पुलाजवळ आणि हलग्याच्या अलीकडं, अशा तीन जागी गाळ आणि पाणी उन्हाळ्यात एकदा, पावसानंतर एकदा तपासा. आकडे मराठी आणि कानडी दोन्ही वर्तमानपत्रांत छापा. मग ठरवा, कुठं झाडं, कुठं नुसतं कारखान्याच्या दारात नियम लावायचा.

मागणी नेमकी करतो. पुढच्या अर्थसंकल्पात अशा कुठल्याही कामाला पैसे ठेवताना लागवडीच्या रकमेशेजारी पाच वर्षांच्या कापणी-वाहतुकीची रक्कम धरा. ती धरायची नसेल तर लागवडही नको. ठेकेदाराचं बिल रोपांच्या संख्येवर काढू नका. किती टन कापलं, कुठं टाकलं, आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी तपासणीत कसं निघालं, यावर काढा. पहिला वाफा एकाच तलावाच्या तोंडाशी करा, लहान करा, दोन पावसाळे बघा.

आणि नाल्याकाठी पहिली पट्टी कुठं करायची म्हणून अडत असेल तर आमच्या बांधालगतची, नाल्याकडची काही फुटांची पट्टी द्यायला मी तयार आहे. विकायला नव्हे, करारानं वापरायला. खडी तुमची, कुंपण तुमचं, कापणीची मजुरी तुमची. राखण मी करतो. कराराचा मसुदा मराठीत आणि कानडीत पाठवा, वाचून सही करीन. पेरणीची घाई सुरू होण्याआधी आला तर बरं, नंतर महिनाभर मी चिखलात असतो.

या पत्राची कानडी प्रत आवक विभागात वेगळी दिली आहे.

आपला,
वडगाव शिवारातील एक शेतकरी